पोरगं नऊ जणांचं, पण लक्ष कुणाचं?

'मावशी, नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि जागा असेपर्यंत नुसता पळत असतो. नाताळच्या सुट्टीत पुण्याच्या नणंदबाई, त्यांचे यजमान, त्यांची नऊ आणि बारा वर्षांची मुलं, सासू-सासरे आणि आम्ही तिघं असे नऊ जण खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरतंय. सगळे खूश आहेत, मला मात्र झोप लागत नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात हा कार्यालयातनं निघून पार रस्त्यापर्यंत गेला होता. सगळे तिथंच होते, आणि नंतर सगळे मलाच बोलले. नणंदबाई म्हणतात, त्याला काय कळतंय, तुझ्या आईकडं कागलला ठेवून ये. मिस्टर म्हणतात, पाठीला बांधायचा पट्टा मिळतो तो आणूया. त्यावर सासूबाई म्हणाल्या, पोरगं हाय का वासरू? आणि अजून एक. मलाही त्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायचंय. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. आता आई झाल्यावर असं वाटणं बरोबर आहे का? – एक आई, कोल्हापूर'

पोरी,

तू सगळ्यांत शेवटी, जरा घाबरत विचारलेला प्रश्न मी आधी घेते. हो, बरोबर आहे. त्या राइडमध्ये बसावंसं वाटण्यानं तुझ्या आईपणाला काही उणं येत नाही. 'नायट्रो'मध्ये, म्हणजे तिथल्या त्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये, पायाखाली फरशी नसते, पाय अधांतरी लोंबत असतात. ती मोठ्या माणसांनीच बसावं म्हणून केलेली राइड आहे आणि तू मोठं माणूस आहेस. राइड मिनिटा-दोन मिनिटांची, पण रांग धरून तासभर जाईल. तो तासभर पोरगं कुणाकडे असेल, एवढंच ठरवायचं आहे, आणि ते घरातल्या सहा मोठ्या माणसांनी मिळून ठरवायचं आहे. म्हणून हे उत्तर तू एकटीनं वाचू नकोस. नवऱ्याला वाचायला दे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खुपलं. 'सगळे तिथंच होते.' बालवाडीत मुलं सांभाळण्यात माझी उमेद गेली, आणि घरोघरच्या कार्यांत मी हेच बघत आले आहे. आई एकटी मुलाबरोबर असते तेव्हा तिची नजर त्याच्यावरून हलत नाही. दहा माणसं जमली की आईला वाटतं आजी बघतेय, आजीला वाटतं काका बघतोय, काकाला वाटतं पोरगं आईजवळच असणार. कुणीही हलगर्जीपणा केलेला नसतो, तरी मधली तीन-चार मिनिटं त्या मुलाकडे कुणाचंच लक्ष नसतं. अडीच वर्षांच्या धावऱ्या पोराला रस्त्यापर्यंत जायला तेवढी पुरतात. तेव्हा त्या लग्नातल्या प्रसंगाचं ओझं तू एकटीनं डोक्यावर घेऊ नकोस. चूक तुझी नव्हती. त्या वेळी मूल कुणाकडे आहे, हे ठरलेलंच नव्हतं.

बालवाडीची सहल न्यायचो तेव्हा आमचा एकच कडक नियम होता. प्रत्येक ताईची मुलं ठरलेली, आणि त्यांच्या मनगटाला तिच्या रंगाची फीत. न्यू पॅलेसच्या आवारात हरणं बघताना निळ्या फितीचं मूल लाल फितीच्या ताईजवळ दिसलं, की ती ताई त्याला हाताला धरून निळ्या ताईकडे नेऊन सोडायची आणि तोंडानं सांगायची, 'हा तुझा, घे.' समोरून 'घेतला' असं ऐकू येईपर्यंत ती हात सोडायची नाही. तुमच्या सहलीला मी हेच सुचवते. त्या दिवशी कुठल्याही क्षणी पोरगं एकाच माणसाकडे असेल आणि ते माणूस कोण, हे नऊच्या नऊ जणांना माहीत असेल. तासाभराची पाळी पुरे. त्याहून जास्त वेळ सावध राहणं कुणालाच जमत नाही. पाळी बदलताना नाव घेऊन सांगायचं, 'दादा, आता हा तुमच्याकडे', आणि दादांनी 'घेतला' म्हणायचं. नुसती मान डोलावली तर तो अजून दिलेला नाही असं समजायचं.

ज्याची पाळी त्यानं फोटो काढायचे नाहीत, फोन घ्यायचा नाही, पिशव्या सांभाळायच्या नाहीत आणि पाण्याच्या बाटलीसाठी रांगेतही उभं राहायचं नाही. त्याला ते एकच काम. बारा वर्षांचं भाचरू कितीही शहाणं असलं तरी त्याला पाळी लावू नका. ते स्वतः मूल आहे, आणि त्याची नजर राइडकडे जाणारच. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना दुपारच्या झोपेची पाळी द्या. ढकलगाडीत झोपलेल्या नातवाशेजारी सावलीत बसून राहणं त्यांना जमेल आणि त्यांनाही आपण उपयोगी पडलो असं वाटेल.

ही गोष्ट घरात मांडायची कुणी, हे फार महत्त्वाचं आहे. तू मांडलीस तर सुनेची तक्रार ठरेल. तुझ्या नवऱ्यानं आपल्या आईवडलांना आणि बहिणीला सांगितली तर तो घरचा ठराव होईल. मूल त्याचंही आहे, आणि नऊपैकी आणखी पाच माणसं त्याच्याच रक्ताची आहेत. त्यानं पुण्याला फोन करून म्हणावं, 'ताई, या वेळी आपण पाळ्या लावू, म्हणजे सगळ्यांनाच सगळं करता येईल.' यात नणंदबाईंचाही फायदा आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात येईल. त्यांची मुलं मोठी असली तरी त्यांनाही मोठ्या राइडला कुणीतरी सोबत लागणारच. सहा मोठी माणसं आहेत. तिघं राइडला, एक पोराजवळ, दोघं बसून निवांत, असं आलटून पालटून सहज जमतं. आणि पहिल्या फेरीला 'नायट्रो'च्या रांगेत तू उभी राहा. 'नंतर जाईन' म्हणालीस की ते नंतर येत नाही. चार वाजता पोरगं रडायला लागतं आणि आई गुमान बाहेर बाकड्यावर बसते, हे मी फार वेळा बघितलंय.

आता कागलचं. नणंदबाईंचा सल्ला वाईट नाही. पोरगं तुझ्या आईकडे याआधी रात्रभर आनंदानं राहिलेलं असेल, तर दोन रात्री तिथं ठेवण्यात क्रूर असं काहीच नाही. त्याला ताप-सर्दी असेल तर ठेवावंच. पण 'त्याला काय कळतंय' हे कारण मला पटत नाही. मोठेपणी त्याला ही सहल आठवणार नाही, हे खरं. तीन वर्षांच्या आतलं बहुतेकांना काहीच आठवत नाही. म्हणून त्या दिवसाचं त्याचं हसू खोटं ठरतं का? आपण त्याला रंकाळ्यावर नेतो ते काही पुढं आठवावं म्हणून नाही. माझं मत विचारशील तर त्याला न्या. फक्त सबंध दिवस त्याच्यावर लादू नका. पार्क दिवसभर उघडं असतं म्हणून अडीच वर्षांच्या पोरानं दिवसभर तिथं टिकावं, ही अपेक्षा चुकीची आहे. त्याचा दिवस सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचा एखादा तास. मधली दुपार झोपेची. या मापानं बेत आखलात तर तो तुम्हाला छळणार नाही, आणि तुम्हीही त्याला छळणार नाही.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. तिथं काय आहे ते आधी समजून घे, म्हणजे गेटातून आत गेल्यावर नकाशा हातात धरून वाद घालत उभं राहावं लागणार नाही. त्याच्यासाठी उडणाऱ्या हत्तींचा 'टबी टेक्स ऑफ' आणि घोड्यांचा मोठा पाळणा 'मॅजिक कॅरोसेल' एवढं खूप झालं. पाळण्यात तो चार वेळा बसायचं म्हणेल. बसू द्या. पैसे भरलेत म्हणून सगळं दाखवलंच पाहिजे असं नाही. लहान मुलाची मजा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यात असते. 'अलीबाबा'सारख्या अंधारातल्या, मोठ्या आवाजाच्या राइड त्याला दाखवायच्या की नाही, हे तुला तुझं पोरगं जेवढं माहीत आहे त्यावरून ठरव. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजला की मांडीत तोंड लपवत असेल तर नेऊ नका. 'एवढा कसला भित्रा' असं कुणी म्हटलं तर तिथंच थांबव. त्या वयात अंधारातल्या राक्षसाचा मुखवटा आणि खरा राक्षस यांतला फरक कळत नाही, आणि ती भीती रात्री घरी आल्यावर झोपेत उतरते.

उंचीच्या नियमाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. अडीच वर्षांचं मूल सरासरी ९० सेंटिमीटरच्या आसपास असतं. जोरात जाणाऱ्या राइडसाठी किमान उंची त्याहून बरीच जास्त लागते. अशा रांगेच्या तोंडाशी एक पट्टी उभी असते आणि तिथं उभा असलेला मुलगा हात आडवा करून अडवतो. आपल्याकडची माणसं त्याच्याशी हुज्जत घालतात. 'मांडीवर घेतो की', 'दोन बोटांचाच फरक हाय', 'टाचा उचल रे बाळा'. हे करू नका, आणि बरोबरच्या कुणाला करू देऊ नका. राइडमधला दांडा किंवा पट्टा एका ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. तो मांड्यांवर आणि खांद्यांवर घट्ट बसला तरच धरून ठेवतो. लहान शरीर त्याच्या खालून किंवा बाजूनं निसटू शकतं. शिवाय त्या वयात डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, उंचीच्या साधारण पाचवा हिस्सा, आणि मान ते पेलण्याइतकी बळकट झालेली नसते. झटका बसला तर सगळा भार मानेवर येतो. मांडीवर घेतलेल्या मुलाला अशा झटक्यात हातानं धरून ठेवता येत नाही, पैलवानालासुद्धा नाही. निघायच्या आधी घरी दाराच्या चौकटीला उभं करून त्याची उंची मोजा आणि लिहून ठेवा. तिकिटाचे दरही उंचीवर ठरतात आणि ते बदलत राहतात, म्हणून त्याच आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

प्रवासाचं तू काही विचारलं नाहीस, पण सहलीचा अर्धा बोजवारा गाडीतच उडतो. कोल्हापूरहून पुणं जवळजवळ २३० किलोमीटर, आणि पुढं खोपोलीपर्यंत आणखी दीड-दोन तास. एका दमात जाऊन त्याच दिवशी पार्कात शिरायचा विचार कुणी मांडला तर हाणून पाडा. आदल्या दिवशी नणंदबाईंकडे मुक्काम करा आणि सकाळी सगळे मिळून निघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत म्हटलंय की या वयाच्या मुलाला सलग एका तासाहून जास्त वेळ ढकलगाडीत किंवा खुर्चीत जखडून ठेवू नये, आणि दिवसभरात किमान १८० मिनिटं तरी त्याची हालचाल व्हावी. तीन तास! तुझं पोरगं 'लई वळवळ्या' नाही, त्याच्या वयाला लागतं तेवढंच तो पळतोय. म्हणून वाटेत थांबे आधीच ठरवा. कराडला प्रीतिसंगमावर थांबा. कृष्णा-कोयनेचा संगम आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे. तिथं त्याला अर्धा तास मनसोक्त पळू दे, फक्त पाण्याच्या बाजूला मोठं माणूस उभं राहील असं बघा. साताऱ्याच्या पुढं त्याची झोपेची वेळ येईल असं निघायचं गणित बसवा, म्हणजे खंबाटकी घाट झोपेत निघून जाईल.

गाडीत त्याला आजीच्या मांडीवर, आणि तेही पुढच्या सीटवर, बसवायची पद्धत आहे ना तुमच्याकडे? बहुतेक घरांत आहे. ती मोडा. २०१९ सालच्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोड, पण जोरात ब्रेक लागला तर आजीच्या हातांना त्याला धरता येणार नाही, आणि पुढची एअरबॅग फुटली तर ती थेट त्याच्यावर फुटेल. लहान मुलांची सीट मागच्या बाजूला लावा. विकत घेणं परवडत नसेल तर ओळखीत विचारा, पण अपघातात सापडलेल्या गाडीतली सीट घेऊ नका. महिनाभर आधीपासून राजारामपुरीतनं शाहूपुरीत जातानाही त्याला तीत बसवा. नाहीतर सहलीच्या दिवशी पहाटे पाचला तो सीटमध्ये कमान करून रडेल आणि सासूबाई त्याला उचलून मांडीवर घेतील.

पार्कात गेट उघडायच्या वेळेला हजर राहा. पहिला तास रांगा लहान असतात आणि पोरगं ताजं असतं, म्हणून तो तास पूर्ण त्याचा. हत्ती, घोडे, परत हत्ती. मोठ्यांनी मोठ्या राइडकडे धाव घ्यायचा मोह होईल, पण ती वेळ दुपारी मिळते. बाराच्या आत त्याला जेवायला घाला, कारण एक वाजता उपाहारगृहात गर्दी होते. त्याच्या वयाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते आणि त्यातली तास-दोन तास दुपारी असते. ती चुकली की चारच्या सुमाराला जो आकांत होतो त्याला आपण हट्ट म्हणतो. खरं तर ते पेंगुळलेलं शरीर असतं. लहान मुलांची ढकलगाडी बरोबर घ्या किंवा तिथं भाड्यानं मिळते का विचारा. घरचीच चादर आणि रोजची उशी घ्या, गाडीवर पातळ ओढणी टाका, पण पूर्ण झाकून घेऊ नका, आत उष्मा साठतो. हीच आजोबांची पाळी, आणि हाच तुझ्या 'नायट्रो'चा तास.

रांगेबद्दल. उभं राहणं त्याला येत नाही आणि अजून वर्ष-दीड वर्ष येणारही नाही. त्याला दटावून उभं करू नका. एकानं रांग धरावी, पाळीवाल्यानं त्याला शेजारच्या मोकळ्या जागेत पळवावं आणि नंबर जवळ आला की घेऊन यावं. मागं उभ्या असलेल्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवा, म्हणजे कुणाला घुसल्यासारखं वाटत नाही. कर्मचारी नको म्हणाले तर ती राइड सोडून द्या. आणि राइडवरून उतरवताना एकदम उचलू नका. 'अजून एक चक्कर, मग हत्तीला टाटा', असं आधी सांगा आणि मग तो शब्द पाळा. दोनदा पाळलात की तिसऱ्यांदा तो कमी रडतो.

खाण्याचं सामान नेताना एक कळकळीची विनंती. आपलं कोल्हापूरकरांचं भडंगाशिवाय पान हलत नाही. गाडीत पिशवी फुटली की ती सगळ्या हातांत फिरते आणि कुणीतरी लाडानं पोराच्या मुठीत घालतंच. त्यातले शेंगदाणे, चिवड्यातली डाळ, फुटाणे आणि पार्कात मिळणारे पॉपकॉर्न हे सगळं चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. दाढा नीट आलेल्या नसतात, चावणं कच्चं असतं, आणि पळता पळता किंवा हसता हसता घास श्वासनलिकेत जातो. द्राक्षं दिलीत तर उभी चिरून द्या. त्याच्यासाठी वेगळा डबा करा: मऊ पोळीचा लाडू, दहीभात, केळं, उकडलेला बटाटा. खाताना खाली बसलेला हवा. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कात आत नेऊ देत नाहीत, पण लहान मुलांच्या खाण्याला सहसा सूट असते. फोन करून आधी विचारून घ्या. पाणी थोडं थोडं पाजत राहा. खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. आणि शी-शूची सवय लावायला नेमका तोच आठवडा निवडू नका. दिवसभर डायपर असू दे, कपड्यांचे दोन जोड जास्त घ्या.

त्याच आवारात वॉटर पार्क आहे, त्याचं तिकीट वेगळं असतं. भाचरं मागं लागतील, पण दोन्ही एकाच दिवशी करू नका. पुढं कधी गेलात तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पाण्यात पाळीवाल्याचा हात पोराला लागेल इतकंच अंतर हवं. घोटाभर पाण्यातसुद्धा लहान मूल तोंडावर पडलं की त्याला उठता येत नाही, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. हवेनं फुगवलेल्या दंडपट्ट्यांच्या भरवशावर राहू नका.

आता पट्टा. मिस्टर बरोबर म्हणतायत. सासूबाईंना मायेनं वाईट वाटलं, तेही मी समजते. नातवाला दोरीला लागलेलं बघवत नाही. त्यांना असं सांग, की पार्किंगमध्ये गाड्या मागं येतात, मागच्या आरशात एवढंसं पोरगं दिसत नाही, आणि तिथं हात सोडवून पळायला त्याला दोन सेकंद पुरतात. पार्किंग, तिकीट खिडकी, गेट आणि संध्याकाळी निघतानाची गर्दी, एवढ्याच ठिकाणी पट्टा. आत मोकळ्या जागेत काढायचा. राइडमध्ये, घसरगुंडीवर किंवा सरकत्या जिन्यावर कधीही ठेवायचा नाही, अडकला तर इजा होते. कशाला बांधून ठेवायचा नाही, आणि ओढायचं तर मुळीच नाही. पाठीवरच्या छोट्या दप्तराला जोडलेला मिळतो, तो मनगटाच्या पट्ट्यापेक्षा बरा. मनगटाला हिसका बसला तर कोपरापाशी हाड निसटू शकतं. आणि पट्टा आहे म्हणून पाळी ढिली पडता कामा नये.

इतकं करूनही समज, तो दिसेनासा झाला. काय करायचं ते आधी ठरलेलं असलं की पाय लटपटत नाहीत. सकाळी पार्कात शिरताना त्याचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा. त्याला भडक एकाच रंगाचा शर्ट घाला, केशरी किंवा पिवळा. दंडावर आतल्या बाजूला बॉलपेननं तुमच्या दोघांचे फोन नंबर लिहा. दिसेनासा झाला की जिथं शेवटचा दिसला तिथं एकानं उभं राहायचं, हलायचं नाही. एकानं आधी पाण्याकडे धावायचं, कारंजं असो की तळं, कारण बाकी कुठंही वेळ मिळतो, पाण्यात मिळत नाही. एकानं जवळच्या कर्मचाऱ्याला गाठून गेटावर कळवायला लावायचं. आणि मोठ्यानं ओरडायचं. नुसतं त्याचं नाव घेऊन नाही, 'पिवळा शर्ट, अडीच वर्षांचा मुलगा!' असं. नाव परक्यांना उपयोगाचं नाही, पिवळा शर्ट आहे. आपल्याला चारचौघांत ओरडायची लाज वाटते, पहिली पाच मिनिटं आपण हळूच शोधत राहतो. ती लाज सोडा. दहा मिनिटांत सापडला नाही तर ११२ ला फोन करा. सापडल्यावर त्याला मारायचं नाही, आणि एकमेकांनाही बोलायचं नाही, निदान त्या दिवशी तरी. मार खाल्लेलं पोरगं पुढच्या वेळी आवाज दिला तर येत नाही, लपतं.

निघायच्या आधी एकदा सराव करा. कणेरी मठावरचं सिद्धगिरी संग्रहालय शहरापासून १० ते १५ किलोमीटरच्या टप्प्यात आहे. शेतात काम करणारी माणसं, बैल, बलुतेदार, सगळं खऱ्याएवढं. पण तिथले पुतळे बघायचे असतात, हात लावायचे नसतात, आणि त्याला बैलाच्या पाठीवर बसायचं असेल. म्हणूनच तो चांगला सराव आहे. पाळ्या लावून जा, नवरा आणि सासू-सासरे बरोबर घ्या, आणि 'घे' – 'घेतला' एवढं सगळ्यांच्या तोंडात बसतंय का बघा. तुझ्या लक्षात येईल की पहिला अर्धा तास सगळ्यांना ते नाटकी वाटतं, मग अंगवळणी पडतं. तिथनं परत येताना त्याला विद्यापीठाच्या आवारात झाडांखाली पळू दे. दिवसभर 'नको, हात लावू नको' ऐकल्यावर त्याला तेवढं मिळालंच पाहिजे.

एक तारखेचं राहिलं. नाताळचा आठवडा हा वर्षातला सगळ्यांत गर्दीचा काळ. भाच्यांच्या शाळेमुळे तो धरलाय, हे समजतं. पण थंडीतला एखादा आडवारचा दिवस मिळाला, मंगळवार किंवा बुधवार, तर रांगा बऱ्याच कमी असतात आणि उन्हाचा त्रासही होत नाही. मोठ्या मुलांची एका दिवसाची शाळा बुडाली तर चालेल का, एवढं नणंदबाईंना विचारून बघा. पाळ्यांच्या फोनमध्येच हेही बोलून टाका. नाहीच जमलं तर नाताळच्या आठवड्यातली शनिवार-रविवारची जोडी तरी टाळा, आणि तिकिटं आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

तुझी,
मावशी